६४-बिट कर्नल, ३२-बिट सिस्टिम: दुसऱ्या आर्किटेक्चरचं पॅकेज बसवताना सगळं अडलंय

सांजवारा

नमस्कार मंडळी. दोन संध्याकाळ यात गेल्या, म्हणून आता विचारतेय.

माझ्याकडे एक छोटा आर्म बोर्ड आहे. त्यावर डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) आधारलेली सिस्टिम कित्येक वर्षं बिनतक्रार चालू आहे. तापमान आणि आर्द्रतेच्या नोंदी ठेवणं एवढंच त्याचं काम. आता त्याला यूएसबीवरून जोडायचं एक मोजमापाचं यंत्र घेतलंय. यंत्राच्या उत्पादकाचा प्रोग्राम डेब फाइलच्या (डेबियनचं तयार पॅकेज) रूपात मिळतो, सोर्स मिळत नाही.

उत्पादकाची इन्स्टॉल स्क्रिप्ट चालवली. तिने आपणहून आर्म६४ची डेब उतरवली आणि डीपीकेजीने (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) ती नाकारली: पॅकेजचं आर्किटेक्चर, म्हणजे ते ज्या जातीच्या प्रोसेसरसाठी बांधलंय ते, आर्म६४ (६४-बिट आर्म), सिस्टिमचं आर्महफ (३२-बिट आर्म), जुळत नाही. पण 'यूनेम -एम' दिलं की उत्तर येतं एआर्च६४, म्हणजे आर्म६४च! मशीन ६४-बिट असेल तर डीपीकेजी का अडतंय?

कुठेतरी वाचून '--फोर्स-आर्किटेक्चर' लावलं. पॅकेज उलगडलं, पण कॉन्फिगर झालं नाही. प्रोग्राम चालवला तर 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. फाइल तिथेच आहे, एलएस दाखवतंय, परवानग्याही ठीक आहेत. आणि आता अ‍ॅप्टकडे (पॅकेजं शोधून आणणारा प्रोग्राम) कुठलंही साधं पॅकेज मागितलं तरी अपुऱ्या डिपेन्डन्सींची (पॅकेजला लागणाऱ्या इतर पॅकेजांची) तक्रार येते आणि गाडी तिथेच थांबते.

सिस्टिम पूर्ववत कशी करू? आणि हा प्रोग्राम या बोर्डावर चालू शकतो की नाही?

खोलपाणी

आधी साफसफाई करा, असं का झालं ते मग बघू.

जबरदस्तीने घातलेलं पॅकेज काढा: 'डीपीकेजी --पर्ज', पुढे पॅकेजचं नाव आणि नावाला चिकटून कोलन-आर्म६४. मग 'अ‍ॅप्ट-गेट चेक' चालवा. ते गप्प राहिलं की सिस्टिम जागेवर आली. (इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर आज्ञा अर्थातच रोमन लिपीत द्या.)

आता कारण. '--फोर्स-आर्किटेक्चर' हा पर्याय फक्त डीपीकेजीची तपासणी बंद करतो. त्या पॅकेजला लागणारं आर्म६४चं लिबसी (जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामला लागणारी मूळ लायब्ररी) तो कुठून आणणार? म्हणून तुमचं पॅकेज अर्धवट उलगडून पडलं आणि अ‍ॅप्टच्या दृष्टीने सगळी सिस्टिम आजारी झाली.

'यूनेम -एम' बोलतं ते कर्नलबद्दल (सिस्टिमचा गाभा, जो प्रोसेसरशी थेट बोलतो), आणि फक्त कर्नलबद्दल. एका मशीनवर तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात: प्रोसेसर काय झेपवू शकतो, कर्नल कुठल्या आर्किटेक्चरचा आहे, आणि कर्नलच्या वर बसलेलं यूजरलँड, म्हणजे लिबसी, शेल, अ‍ॅप्ट वगैरे, कशासाठी बांधलंय. तिघांची उत्तरं वेगळी असू शकतात. ६४-बिट आर्म कर्नलवर पूर्ण ३२-बिट यूजरलँड आरामात चालतं. रास्पबेरी पाय ओएसच्या (एका लोकप्रिय छोट्या आर्म बोर्डाची सिस्टिम) ३२-बिट आवृत्तीत २०२३ पासून पाय ४सारख्या बोर्डांवर ६४-बिट कर्नल आपोआप सुरू होतो, बाकी सगळी सिस्टिम मात्र आर्महफच राहते. कर्नलही ३२-बिटच हवा असेल तर बूटच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'आर्म_६४बिट=०' लिहावं लागतं. तेव्हा तुमची परिस्थिती दुर्मीळ नाही.

यूजरलँडला विचारायचं असेल तर 'डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर' आणि 'गेटकॉन्फ लाँग_बिट' ही दोन चालवा. अजून खात्री हवी असेल तर 'फाइल' आज्ञेला /बिन/एलएसचा पत्ता देऊन बघा.

आणि ती गोंधळात पाडणारी 'नो सच फाइल'. ती तक्रार तुमच्या प्रोग्रामबद्दल नाहीच. प्रत्येक डायनॅमिक प्रोग्रामच्या आत त्याला सुरू करून देणाऱ्या लोडरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. आर्म६४साठी तो /लिब/एलडी-लिनक्स-एआर्च६४.एसओ.१, आर्महफसाठी /लिब/एलडी-लिनक्स-आर्महफ.एसओ.३. तुमचा कर्नल ६४-बिट असल्यामुळे त्याला फाइल ओळखता आली, त्याने आत लिहिलेला लोडर शोधला, तो डिस्कवर नव्हता. शेलने तीच चूक प्रोग्रामच्या नावाखाली छापली. 'रीडएल्फ -एल' चालवलं की हा पत्ता डोळ्यांनी दिसेल.

कर्नलच ३२-बिट असता तर संदेश वेगळा आला असता: 'एक्झेक फॉरमॅट एरर'. या दोन संदेशांतला फरक लक्षात ठेवा, पुढचा अर्धा तपास तिथेच होतो. पहिल्यात लायब्ररी आणल्या की काम होण्यासारखं असतं, दुसऱ्यात लायब्ररी आणून काही उपयोग नाही.

तुमच्या उत्पादकाकडे आर्महफची डेब आहे का, हेही एकदा बघा. असेल तर बाकी सगळा खटाटोप वाचेल.

सांजवारा

खोलपाणी, खूप आभार. साफसफाई झाली, अ‍ॅप्ट पुन्हा नीट चालतंय.

उत्तरं अशी: यूनेम एआर्च६४, गेटकॉन्फ ३२, डीपीकेजी आर्महफ. तुम्ही म्हणालात तसंच.

उत्पादकाकडे एएमडी६४ (साध्या पीसीचं ६४-बिट) आणि आर्म६४ अशा दोनच फाइली आहेत. आर्महफ नाही. मग आता '--अ‍ॅड-आर्किटेक्चर' करायचं का? की पूर्ण ६४-बिट सिस्टिम नव्याने टाकायची? जुन्या नोंदींचा सगळा पसारा त्याच कार्डावर आहे, म्हणून नव्याने टाकायची तयारी मनातून नाही.

पाटीपेन्सिल

कर्नल ६४-बिट आहे म्हणजे तुमचा मार्ग मोकळा आहे. 'डीपीकेजी --अ‍ॅड-आर्किटेक्चर आर्म६४', मग 'अ‍ॅप्ट अपडेट', मग 'अ‍ॅप्ट इन्स्टॉल' आणि डेब फाइलचा पत्ता, सुरुवातीला टिंब-तिरकी रेघ लावून. थेट डीपीकेजीने बसवू नका. अ‍ॅप्टने बसवलंत तर आर्म६४च्या लायब्ररी तोच शोधून आणतो.

हे शक्य कसं होतं ते थोडं सांगतो, कारण ते कळलं की पुढच्या अडचणी अंगावर येत नाहीत.

पूर्वी एएमडी६४ मशीनवर ३२-बिट प्रोग्राम चालवायचा तर आयए३२-लिब्ज नावाचं एक अवाढव्य पॅकेज होतं. ३२-बिट लायब्ररींचं गाठोडंच. त्यातल्या एका लायब्ररीत सुरक्षेची दुरुस्ती आली तरी सगळं गाठोडं पुन्हा बांधावं लागे, आणि तुम्हाला हवी ती लायब्ररी गाठोड्यात नसेल तर वाटच खुंटली. त्यावरचा उपाय म्हणजे मल्टिआर्च. उबुंटू ११.०४ मध्ये त्याचे पहिले तुकडे आले, आणि मे २०१३ मध्ये आलेल्या डेबियन ७ पासून तो डेबियनच्या स्थिर आवृत्तीचा भाग आहे.

युक्ती साधी आहे. लायब्ररी /यूएसआर/लिबमध्ये सरळ न टाकता आर्किटेक्चरच्या नावाच्या उपफोल्डरमध्ये टाकायच्या. आर्महफच्या 'आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ'मध्ये, आर्म६४च्या 'एआर्च६४-लिनक्स-ग्नू'मध्ये. नाव तेच, फाइल वेगळी, जागा वेगळी, म्हणून भांडण नाही. /यूएसआर/बिनला मात्र अशी वाटणी नाही. म्हणजे दोन आर्किटेक्चरच्या लायब्ररी शेजारी नांदतात, पण एकाच प्रोग्रामच्या दोन प्रती नांदू शकत नाहीत. बॅश एकच असणार.

पॅकेजच्या माहितीत 'मल्टि-आर्च' असं एक कलम असू शकतं. 'सेम' लिहिलं असेल तर त्या पॅकेजच्या अनेक आर्किटेक्चरच्या प्रती एकत्र बसतात, लायब्ररी बहुतेक अशा. 'फॉरेन' असेल तर कुठल्याही एका आर्किटेक्चरची प्रत सगळ्यांची गरज भागवते, कारण तो प्रोग्राम फक्त चालवायचा असतो, त्याच्याशी लिंक करायचं नसतं. तिसरं 'अलाउड', ते थोडं नाजूक आहे: मागणाऱ्या पॅकेजने नावापुढे ':एनी' लिहिलं तरच परक्या आर्किटेक्चरची प्रत चालते. आणि हे कलमच नसेल तर परक्या पॅकेजची गरज त्यातून भागत नाही.

मोरपीस

पाटीपेन्सिल, सुरेख समजावलंत. वाचनखूण साठवली.

एक भर घालते. 'आर्किटेक्चर: ऑल' असलेली पॅकेजं, म्हणजे नुसत्या स्क्रिप्ट, फॉन्ट वगैरे, सगळ्यांना चालतील असं आपण धरून चालतो. नावच 'ऑल' आहे ना. पण डिपेन्डन्सी मोजताना डीपीकेजी त्यांना तुमच्या मूळ आर्किटेक्चरची समजतं. त्यांच्यावर 'फॉरेन' लिहिलेलं नसेल तर आर्म६४ पॅकेजला आर्महफ सिस्टिमवरचं 'ऑल' पॅकेज पुरत नाही. यात मी एकदा एक पूर्ण दिवस घालवला होता.

उंबरठा

मी इथे असहमत आहे, आणि सांजवारा ताईंना वेगळा सल्ला देतो.

मल्टिआर्च चालेल, नाही म्हणत नाही. पण छोट्या बोर्डावर, जिथे नोंदी ठेवण्याचं काम अखंड चालायला हवं, तिथे एकाच सिस्टिममध्ये दोन लिबसी, दोन लिबएसटीडीसी++, आणि दर अपग्रेडला दोघांच्या आवृत्त्या जुळल्या की नाही याची काळजी, हे मला पटत नाही. मेमरीतही दोन्ही संच वेगवेगळे चढतात. ३२-बिट आणि ६४-बिट प्रोग्राम एकमेकांची लायब्ररी वाटून घेऊ शकत नाहीत.

तुमचा कर्नल ६४-बिट आहे, याचा चांगला उपयोग करा. 'डीबूटस्ट्रॅप --आर्च=आर्म६४' वापरून एका फोल्डरमध्ये आर्म६४चं छोटं डेबियन उभं करा आणि त्यात चरूटने किंवा सिस्टिमडी-एनस्पॉनने (त्या फोल्डरलाच पूर्ण सिस्टिम मानून आत प्रोग्राम चालवणारी साधनं) शिरा. तुमच्या बाबतीत एम्युलेटरही (परक्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम) लागणार नाही, कारण तो कोड प्रोसेसर स्वतः चालवेल. यूएसबीचं यंत्र आत दिसावं म्हणून /डेव्ह/बस/यूएसबी तेवढं आत बाइंड करून द्या. प्रोग्राम नको झाला की फोल्डर पुसायचा. मूळ सिस्टिमला धक्का लागत नाही.

आर्महफवरून आर्म६४वर जागच्या जागी क्रॉसग्रेड (चालू सिस्टिमचं आर्किटेक्चरच बदलणं) करण्याच्या भानगडीत पडू नका. मध्येच डीपीकेजी स्वतः बदलण्याची वेळ येते, आणि त्या क्षणी काही चुकलं तर दुरुस्ती करायला हातात साधन उरत नाही.

पाटीपेन्सिल

> दर अपग्रेडला दोघांच्या आवृत्त्या जुळल्या की नाही याची काळजी

हा मुद्दा खरा आहे, मान्य. 'सेम' प्रकारच्या पॅकेजची आवृत्ती दोन्ही आर्किटेक्चरमध्ये अक्षरशः तीच असावी लागते. त्यांच्या /यूएसआर/शेअर/डॉकमधल्या फाइली सामायिक असतात आणि त्या तंतोतंत सारख्या असल्या तरच डीपीकेजी दोघांना नांदू देतं. एका आर्किटेक्चरसाठीच पॅकेज पुन्हा बांधलं गेलं आणि आवृत्तीच्या शेपटीला 'बी१' लागलं, तरी जोडी फुटते.

पण साध्या डेबियन स्थिर आवृत्तीवर हे क्वचितच होतं, आणि झालं तरी अ‍ॅप्ट ते पॅकेज रोखून धरतं, मोडत नाही. दुसरा आर्किटेक्चर थोड्या वेळाने गाठतो. चरूटचा सल्ला मला आवडला, तरी एका छोट्या प्रोग्रामसाठी दुसरी पूर्ण सिस्टिम सांभाळणं, तिचे अपडेट वेगळे देणं, हेही कामच आहे की.

आडवाट

आवृत्त्यांबद्दल एक महत्त्वाचं: सांजवारा यांची सिस्टिम 'डेबियनवर आधारलेली' आहे, शुद्ध डेबियन नाही. बोर्ड बनवणारे कधी कधी स्वतःची रेपो (पॅकेजांचा साठा) जोडतात आणि त्यात एखादी लायब्ररी स्वतःची शेपटी लावून ठेवतात, फक्त एका आर्किटेक्चरसाठी. मग त्याच आवृत्तीची आर्म६४ प्रत जगात कुठेच नसते. अ‍ॅप्टला जोडी जमवता येत नाही आणि तो अर्धी सिस्टिम काढायचा प्रस्ताव मांडतो.

काहीही बसवण्याआधी 'अ‍ॅप्ट-कॅश पॉलिसी' चालवून लिबसी६ आणि लिबसी६:आर्म६४ या दोघांच्या आवृत्त्या शेजारी ठेवून बघा. आणि अ‍ॅप्टला '-एस' लावून कोरडी फेरी मारा, म्हणजे काही न बदलता काय होईल ते फक्त दिसेल. काढायच्या यादीत एकही ओळखीचं नाव दिसलं तर थांबा. 'होय' म्हणण्याची घाई ही या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे.

दगडफूल

धागा वाचतोय, माझाही एक प्रश्न याच विषयातला. मी एएमडी६४ उबुंटू २४.०४ वर आहे. आर्मसाठी क्रॉस कंपाइल करायला (एका प्रोसेसरवर दुसऱ्यासाठी प्रोग्राम बांधायला) आर्म६४च्या लायब्ररी हव्यात. '--अ‍ॅड-आर्किटेक्चर आर्म६४' केलं आणि 'अ‍ॅप्ट अपडेट'मध्ये ४०४ ('सापडलं नाही') चा पाऊस सुरू झाला.

आडवाट

दगडफूल, हा उबुंटूचा खास प्रकार आहे. डेबियनच्या आरशांवर (पॅकेजांच्या प्रती ठेवणारे मिरर सर्व्हर) सगळी आर्किटेक्चर एकाच ठिकाणी मिळतात. उबुंटू २४.०४ साठी मुख्य सर्व्हरवर एएमडी६४ आणि आय३८६ (पीसीचं ३२-बिट) एवढंच आहे, आर्म६४, आर्महफ आणि बाकीचे 'पोर्ट्स' नावाच्या वेगळ्या सर्व्हरवर. तुम्ही आर्किटेक्चर जोडलंत तेव्हा अ‍ॅप्ट मुख्य सर्व्हरकडे आर्म६४ची यादी मागायला गेला, ती तिथे नाही.

/ईटीसी/अ‍ॅप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी मधली उबुंटू.सोर्सेस फाइल उघडा. असलेल्या प्रत्येक परिच्छेदात 'आर्किटेक्चर्स: एएमडी६४ आय३८६' अशी ओळ घाला. मग तोच परिच्छेद खाली पुन्हा लिहा, पत्ता पोर्ट्सचा, आर्किटेक्चर्स आर्म६४. जुन्या एका-ओळीच्या फाइली असतील तर 'डेब' शब्दानंतर चौकोनी कंसात 'आर्च=एएमडी६४'. तुम्ही जोडलेल्या इतर कंपन्यांच्या रेपोंनाही हीच अट घाला, नाहीतर तिथूनही तक्रारी येतील.

कंपायलर मात्र परक्या आर्किटेक्चरचा आणू नका. 'क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-आर्म६४' हे तुमच्याच मशीनवर चालणारं पॅकेज घ्या. लायब्ररींची 'डेव्ह' पॅकेजं तेवढी कोलन-आर्म६४ लावून घ्या. कंपायलर तुमच्या प्रोसेसरचा, लायब्ररी समोरच्या प्रोसेसरच्या. आणि पीकेजी-कॉन्फिग चालवताना नावाआधी 'एआर्च६४-लिनक्स-ग्नू-' लावलेलं वापरा. साधं वापरलंत तर ते एएमडी६४च्या लायब्ररींचे पत्ते देईल आणि लिंकर नको तिथे अडेल.

मोरपीस

बांधलेलं तिथल्या तिथे चालवून बघायचं असेल तर क्यूईएमयू या एम्युलेटरचा यूजर मोड आहे. फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प पूर्ण मशीन तर उभं करतोच, पण एकटा परका प्रोग्रामही चालवू शकतो. सूचना भाषांतरित होतात, सिस्टिम कॉल मात्र तुमच्याच कर्नलकडे जातात. कर्नलच्या बिनएफएमटी_मिस्क या सोयीत नोंद झाली की आर्मची फाइल थेट नावाने चालते, पुढे क्यूईएमयू लिहावं लागत नाही. डॉकरसारख्या कंटेनरमध्ये '--प्लॅटफॉर्म लिनक्स/आर्म६४' दिलं की चालतं ते याच जोरावर. ही नोंद नसेल तर कंटेनर सुरू होताक्षणी 'एक्झेक फॉरमॅट एरर' देऊन पडतो, आणि लोक इमेज खराब आहे असं समजून ती पुन्हा पुन्हा उतरवत बसतात.

पूर्वी चरूटच्या आत क्यूईएमयूची स्टॅटिक प्रत उचलून ठेवावी लागे. २०१६ मध्ये लिनक्स ४.८ आला, त्यात नोंदीला 'एफ' निशाण लावता येऊ लागलं. कर्नल एम्युलेटर नोंदणीच्या वेळीच उघडून ठेवतो, आत प्रत असण्याची गरज नाही. अजून जुन्या लेखांत ती प्रत करण्याची पायरी दिसते, ती सोडून दिली तरी चालते.

मोठं काही कंपाइल करायला मात्र हे वापरू नका. फारच हळू जातं. तिथे आडवाट म्हणतात तसं क्रॉस कंपायलरच बरा.

सांजवारा

चर्चा खूप पुढे गेली, सगळ्यांचं वाचतेय. मल्टिआर्चचा मार्ग आधी कोरड्या फेरीने बघायचा ठरवलं.

लिबसी६च्या आवृत्त्या दोन्हीकडे सारख्या निघाल्या. आर्म६४ जोडलं, अपडेट नीट झालं. मग '-एस' लावून डेब बसवायला सांगितली. येणाऱ्या यादीत लिबसी६:आर्म६४, लिबएसटीडीसी++६:आर्म६४, लिबयूएसबी ठीक होतं. पण जाणाऱ्या यादीत पायथन३ आणि त्याच्यावर टेकलेलं जवळजवळ सगळं! माझा नोंदी ठेवणारा प्रोग्रामच पायथनमध्ये आहे. आडवाट यांचं वाक्य आठवलं आणि थांबले.

उत्पादकाच्या पॅकेजच्या डिपेन्डन्सीत पायथन३ आहे. माझ्याकडे पायथन३ बसवलेलंच आहे. मग ते काढून पुन्हा का बसवायचंय?

पाटीपेन्सिल

थांबलात ते उत्तम केलंत. हा तोच 'अलाउड'चा नाजूक प्रकार.

पायथन३च्या माहितीत 'मल्टि-आर्च: अलाउड' आहे. कारण पायथनचा उपयोग दोन प्रकारे होतो. कोणी त्याची स्क्रिप्ट चालवतं, तिथे पायथन कुठल्या का आर्किटेक्चरचं असेना. कोणी त्याच्या आत सीमध्ये लिहिलेलं मॉड्यूल चढवतं, तिथे आर्किटेक्चर जुळलंच पाहिजे. तुमचं पॅकेज यातलं कोणतं, हे डीपीकेजीला आपोआप कळत नाही, पॅकेज बनवणाऱ्याने सांगावं लागतं. नुसतं 'पायथन३' लिहिलं तर अर्थ होतो 'माझ्याच आर्किटेक्चरचं'. म्हणून अ‍ॅप्ट आर्म६४चं पायथन आणायला निघाला. /यूएसआर/बिन/पायथन३ एकच असू शकतं, तेव्हा आर्महफचं जाणार, आणि त्यावर उभं असलेलं सगळं त्याच्यामागे जाणार. अ‍ॅप्ट त्याच्या नियमाने बरोबरच वागतोय.

आता हे बघा: 'डीपीकेजी-डेब -आर' ने (इथे आर मोठ्या लिपीतला) ती डेब एका फोल्डरमध्ये उलगडा. आत पायथन कशाला वापरलंय ते शोधा. '.पीवाय' फाइलीच असतील आणि '.एसओ' नावाचं पायथन मॉड्यूल नसेल, तर डेबियन/कंट्रोल फाइलमध्ये 'पायथन३' च्या जागी 'पायथन३:एनी' करा आणि 'डीपीकेजी-डेब -बी' ने पुन्हा बांधा. आवृत्तीच्या शेवटी स्वतःची एक खूण घाला, म्हणजे पुढे मूळ आणि बदललेलं यात घोळ होणार नाही. पायथन मॉड्यूलची '.एसओ' निघाली तर मात्र हा उपाय करू नका, सरळ उंबरठा यांच्या चरूटकडे वळा.

उंबरठा

अगदी बरोबर. आणि पॅकेजच्या पोस्टइन्स्ट (बसवल्यावर आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्टवरही नजर टाका. तिथेही कोणी यूनेम विचारून निर्णय घेत असेल तर पुन्हा तोच घोळ.

खोलपाणी

सांजवारा यांचं काम चालू असताना, इथे पुढे येणाऱ्यांसाठी नावांबद्दल थोडं लिहून ठेवतो. कारण नावं फसवतात.

एकाच गोष्टीला अनेक नावं आहेत हे तर आहेच. डेबियन ज्याला एएमडी६४ म्हणतं त्याला कर्नल आणि फेडोरा (आणखी एक लिनक्स) एक्स८६_६४ म्हणतात. आर्म६४ आणि एआर्च६४ एकच. इंटेलच्या प्रोसेसरवालेही 'माझा एएमडी नाही, मग एएमडी६४ कसं घेऊ' असं विचारतात. नाव एएमडीचं आहे कारण ६४-बिटचा हा विस्तार त्यांनी आणला, २००३ च्या ऑप्टेरॉनपासून. चालतो दोघांवर.

जास्त धोका उलट्या प्रकारात आहे, एकच नाव आणि दोन गोष्टी. डेबियनचं आर्महफ एआर्मव्ही७ (आर्म प्रोसेसरची एक पिढी) धरून बांधलेलं असतं. २०१२ चा पहिला रास्पबेरी पाय एआर्मव्ही६ होता, म्हणून रास्पबियनने (पायसाठीचं डेबियन) सगळं एआर्मव्ही६साठी पुन्हा बांधलं, पण नाव आर्महफच ठेवलं. डेबियनची आर्महफ डेब त्या जुन्या पायवर डीपीकेजी हसतमुखाने बसवून घेतं, डिपेन्डन्सी जुळतात, आणि प्रोग्राम 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून मरतो. उलट दिशेने काही बिघडत नाही, व्ही६चं व्ही७वर चालतं.

तसंच एक्स८६_६४ मध्येही पातळ्या आहेत. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ला व्ही२ पातळी लागते, १० ला व्ही३. नाव तेच एक्स८६_६४, पण जुन्या प्रोसेसरवर चालणार नाही.

तिसरा संदेश म्हणून हाही लक्षात ठेवा: 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' आला तर आर्किटेक्चर बरोबर आहे, प्रोसेसरची पिढी चुकली आहे.

आणि ६४-बिट आर्म आहे म्हणजे ३२-बिट चालेलच असंही धरू नका. अ‍ॅपलच्या एम मालिकेच्या प्रोसेसरमध्ये ३२-बिट आर्म मुळातच नाही. तिथे लिनक्स टाकून आर्महफ जोडलंत तर पॅकेजं उतरतील, चालणार नाहीत. मल्टिआर्च फायली जागेवर ठेवून देतं, त्या चालवणं प्रोसेसरकडे आहे.

दगडफूल

पोर्ट्सचा उपाय लागू पडला, ४०४ गेले. आडवाट, धन्यवाद.

अवांतर: फेडोरावर हेच कसं असतं?

आडवाट

तिथे आरपीएमची (फेडोराची पॅकेजं) पद्धत वेगळी. नावापुढे कोलन नाही, टिंब: 'डीएनएफ इन्स्टॉल ग्लिबसी.आय६८६'. ६४-बिट लायब्ररी /यूएसआर/लिब६४ मध्ये, ३२-बिट /यूएसआर/लिब मध्ये. दोनच कप्पे असल्यामुळे एक्स८६ची ३२-६४ जोडी जमते, पण एक्स८६वर आर्मच्या लायब्ररी शेजारी ठेवणं या रचनेत बसत नाही. त्यासाठी 'डीएनएफ'ला '--इन्स्टॉलरूट' आणि '--फोर्सआर्च=एआर्च६४' देऊन वेगळा फोल्डर उभा करतात.

आर्च लिनक्सवर पॅकमनच्या कॉन्फिगमध्ये मल्टिलिब हा भाग सुरू करायचा, तोही ३२-बिट एक्स८६पुरताच.

मोरपीस

३२-बिटवरून आठवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून आय३८६साठी कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही देणं बंद झालंय. ते आता मुख्यतः एएमडी६४च्या शेजारी जोडायचं आर्किटेक्चर म्हणून उरलंय. त्याच आवृत्तीत रिस्क-व्ही ६४ हे आणखी एक आर्किटेक्चर पहिल्यांदा अधिकृत झालं.

आर्महफवाल्यांसाठी याहून महत्त्वाचं: १३ मध्ये आर्महफवर वेळ मोजणारा आकडा ६४-बिटचा झाला. १९ जानेवारी २०३८ ला ३२-बिटचा आकडा भरून वाहणार आहे, त्याची ही तयारी. त्यामुळे बऱ्याच लायब्ररींच्या नावाला 'टी६४' शेपटी लागली, लिबएसएसएल३ चं लिबएसएसएल३टी६४ झालं. एएमडी६४ आणि आर्म६४वर आतलं काही बदललं नाही, म्हणून नवं पॅकेज जुन्या नावालाही ओ देतं. आर्महफवर आतली रचनाच बदलली, तिथे जुनं नाव मिळत नाही. जुनी आर्महफ डेब १३ वर बसत नसेल तर आधी हे तपासा, आणि खोटं नाव देणारं रिकामं पॅकेज बनवून ती बसवू नका. बसेल, आणि तारखा चुकीच्या लिहील.

सांजवारा

झालं! प्रोग्राम चालतोय.

काय केलं ते क्रमाने लिहिते. डेब उलगडली. आत पायथनची एकच फाइल निघाली, यंत्राची वाचनं सीएसव्हीमध्ये बदलणारी छोटी स्क्रिप्ट. '.एसओ' पायथन मॉड्यूल एकही नाही. कंट्रोल फाइलमध्ये 'पायथन३:एनी' केलं, आवृत्तीला 'सांज१' अशी खूण लावली, पुन्हा बांधलं. '-एस' ची फेरी मारली: जाणाऱ्या यादीत शून्य. मग खरोखर बसवलं. पोस्टइन्स्ट बघितलं होतं, त्यात फक्त यूडेव्हचा (जोडलेली यंत्रं ओळखणारी सेवा) नियम होता, तो दोन्ही आर्किटेक्चरना सारखाच लागू पडतो.

'फाइल' आज्ञा आता त्याच्या बायनरीला एआर्च६४ म्हणते, लोडर जागेवर आहे, यंत्र यूएसबीवर दिसलं आणि पहिली वाचनं आली. जुना नोंदींचा प्रोग्राम आर्महफच्या पायथनवर पूर्वीसारखाच शेजारी चालू आहे.

उंबरठा, तुमचा चरूटचा सल्ला टाकून दिलेला नाही. पुढच्या मोठ्या अपग्रेडच्या आधी हे पॅकेज काढून आत हलवणार आहे.

उंबरठा

मनापासून आनंद झाला. तेव्हा एक करा: आर्किटेक्चर काढण्याआधी त्याची सगळी पॅकेजं काढावी लागतात. 'डीपीकेजी --रिमूव्ह-आर्किटेक्चर' एकही आर्म६४ पॅकेज शिल्लक असेल तर नकार देतं. 'डीपीकेजी -एल' ची यादी कोलन-आर्म६४ शोधून आधी लिहून घ्या. आणि ती काढतानाही कोरडी फेरी.

सांजवारा

लिहून ठेवलं. उत्पादकालाही आज पत्र पाठवलंय, दोनच गोष्टी मागितल्या आहेत: स्क्रिप्टमध्ये यूनेमऐवजी 'डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर' विचारा, आणि कंट्रोल फाइलमध्ये ':एनी' लिहा. सोबत बदललेल्या दोन ओळी जोडल्या. उत्तर आलं की याच धाग्यात टाकते.